रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी लागला, पण पहिल्यांदा शस्त्र घेणाऱ्यानं पैसे नेमके कशावर खर्च करायला हवेत?

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, शेअर केल्या. पण ज्या वस्तूंवर थेट ४० टक्के कर बसला, त्या यादीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यात कोल्ड्रिंक होतं, खासगी वापराची विमानं होती, हौसेच्या बोटी होत्या आणि त्याच यादीत एका ओळीत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूलही होतं.

आधी हा दर २८ टक्के होता. म्हणजे कर सोडून एक लाख रुपये किंमत असलेल्या रिव्हॉल्व्हरवर पूर्वी २८ हजार कर लागायचा, आता ४० हजार लागतो. फरक बारा हजारांचा.

आता कुणी म्हणेल, ज्याला लाखाचं शस्त्र परवडतं त्याला बारा हजारांचं काय? मुद्दा तो नाहीच. परवान्यासाठी महिनोन्‌महिने चकरा मारलेल्या माणसाचं बजेट शस्त्र आणि करातच संपतं. मग त्या शस्त्रासोबत जे घ्यायला हवं, म्हणजे कुलूप, होल्स्टर, साफ करायचा गज, ब्रश, तेल, ते ‘नंतर बघू’ या खात्यात जातं. दुकानदार एखादं रेक्झिनचं कव्हर फुकट देतो आणि गडी खूश होऊन घरी येतो.

ही ‘नंतर बघू’ची सवय किती महागात पडू शकते, याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण मुंबईतलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला जायच्या तयारीत होता. जुहूच्या घरी त्याचं परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून थेट पायात घुसली, असं त्याच्या मॅनेजरनं माध्यमांना सांगितलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. ४ ऑक्टोबरला तो व्हीलचेअरवरून हॉस्पिटलबाहेर आला तेव्हा सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस सुरू होता.

मीम्स झाले, पण एक प्रश्न मागे राहिला. रिव्हॉल्व्हर नुसतं पडून गोळी सुटते कशी?

घोडा, पिन आणि सहावं घर

रिव्हॉल्व्हरच्या मागे जो ‘हॅमर’ असतो त्याला मराठीत घोडा म्हणतात. (मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, तो भाग वेगळा.) चाप ओढला की घोडा मागे जातो, सुटतो आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर पिन आपटते. प्रायमर पेटतो, त्यानं दारू पेटते आणि गोळी निघते.

जुन्या बनावटीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना पिन थेट काडतुसाला टेकलेली असते. असं शस्त्र घोड्यावर आपटलं तर चापाला कुणी बोट न लावताही बार होऊ शकतो. नंतरच्या बनावटींमध्ये यावर उपाय आला. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये धातूची एक पट्टी येते आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत पोहोचतच नाही. पण ही पट्टी किंवा तिची स्प्रिंग झिजलेली, तुटलेली असेल, तर नवं आणि जुनं यात काही फरक उरत नाही.

म्हणूनच जुन्या काळापासून एक रीत आहे. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरचं शस्त्र वारसानं आपल्या नावावर करून घेतलेल्यांसाठी ही रीत आजही लागू आहे. आणि पहिला खर्च कशावर करायचा, याचं उत्तरही इथेच मिळतं. जुनं शस्त्र हातात आलं की आधी परवानाधारक कारागिराकडून ते तपासून घ्यायचं. नवी ग्रिप, पॉलिश, चामड्याचा पट्टा हे सगळं त्यानंतर.

बाजारात मुळात मिळतं काय?

९ मिमीसारखे बोअर भारतात सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत. त्यामुळे स्वसंरक्षणाचा परवाना असलेले बहुतेक लोक .३२ बोअरकडे वळतात. यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर. त्याची मूळ बनावट ब्रिटिशांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर बेतलेली. खटका दाबला की ते मधून मोडल्यासारखं उघडतं, नळी आणि सिलिंडर पुढे झुकतं आणि रिकामी केसं आपोआप वर येतात.

जानेवारी २०१४ मध्ये याच कुटुंबातलं ‘निर्भीक’ आलं. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर ‘महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर’ म्हणून त्याची जाहिरात झाली. वजन ५०० ग्रॅम आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. या नावावरून आणि किमतीवरून तेव्हा बरीच टीका झाली आणि ती चुकीची नव्हती. सुरक्षिततेसाठी सव्वा लाखाचं शस्त्र घ्या, हा सल्ला देशातल्या किती बायकांच्या उपयोगाचा होता?

ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ बाजारात आणलं. बोअर .३२ च, वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम आणि पल्ला ५० मीटर असल्याचं कंपनीचं म्हणणं. याचं सिलिंडर बाजूला उघडतं, मधून मोडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, साफसफाईच्या वेळी तो कामाला येणार आहे.

याचा एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. सरकारी काडतुसांच्या बुडाशी ‘के एफ’ अशी अक्षरं कोरलेली दिसतात. ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे पुण्याच्या खडकीतल्या १८६९ च्या दारूगोळा कारखान्याची.

कायद्याच्या नजरेत ‘ॲक्सेसरी’ म्हणजे काय?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. मोबाइलचं कव्हर घेतल्यासारखं शस्त्राचं सामान ऑनलाइन घेता येतं असं वाटतं. साफसफाईचा गज, ब्रश, तेल, होल्स्टर, कानाचे मफ या गोष्टींना परवाना लागत नाही, हे खरं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘फायरआर्म’ची व्याख्या नुसत्या बंदुकीवर थांबत नाही. गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं उपकरणसुद्धा त्या व्याख्येत येतं. म्हणजे सायलेन्सर ही कायद्याच्या भाषेत ॲक्सेसरी नाही, ते स्वतःच एक शस्त्र आहे. शस्त्राच्या सुट्या भागांचंही तसंच. नळी, सिलिंडर यांसारखे भाग कुणी ऑनलाइन विकत असेल तर तिथून लांबच राहिलेलं बरं.

होल्स्टरची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. त्याला परवाना लागत नाही, पण तो नसेल तर तुमचा परवाना अडचणीत येऊ शकतो. शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची असेल तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या बॅगेसारख्या साधनात हवी, पूर्णपणे झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. कमरेला उघडी खोचून, वर शर्टाचं बटण सोडून लग्नात मिरवायची जी पद्धत आहे, ती या नियमात बसतच नाही.

मिरवण्याचा विषय निघालाच आहे तर बीडचं नाव घ्यावं लागेल. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याची माहिती पुढे आली. कमरेला पिस्तूल लावलेले फोटो आणि हवेत गोळीबाराचे व्हिडिओ राज्यभर फिरले. गुन्हे दाखल झाले, प्रशासनानं परवान्यांची छाननी केली आणि अनेक परवाने रद्दही केले.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर या बाबतीत कायदा कडक झाला आहे. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा आली. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. लग्न, मिरवणूक, जत्रा यांत हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका पोहोचवला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पोरानं रीलसाठी बापाचं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, तर ‘मी तर फक्त धरलं होतं’ हे उत्तर बापाचा परवाना वाचवेलच असं नाही, कारण परवाना बापाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही.

होल्स्टर घेताना काय बघायचं?

एकच कसोटी महत्त्वाची आहे. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. चापात किल्ली, शर्टाची कड किंवा बोट अडकू शकत असेल तर तो होल्स्टर फुकट मिळाला तरी घेऊ नये. दुसरं म्हणजे उलटा करून हलवला तरी (रिकामं) शस्त्र बाहेर पडता कामा नये, त्यासाठी वरून बंद होणारी पट्टी असलेला बरा. तिसरं, तो त्याच मॉडेलच्या मापाचा हवा. ‘सगळ्या रिव्हॉल्व्हरला बसतो’ असं सांगून विकला जाणारा सैल कापडी होल्स्टर खरं तर कशालाच नीट बसत नाही.

चामड्याचा होल्स्टर दिसतो छान, टिकतोही. पण त्याचा एक मोठा दोष आपल्याकडे फार कमी लोक ओळखतात. चामडं ओल धरतं. रिव्हॉल्व्हर होल्स्टरसकट कपाटात ठेवलं आणि वर कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा असला, की गणपतीपर्यंत नळीवर तांबूस ठिपके येतात आणि चामड्यावर बुरशी. पट्ट्याच्या घरात ठेवलेल्या पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो तो वेगळाच. त्यामुळे होल्स्टर हे बाहेर न्यायचं साधन आहे, ठेवायची जागा नव्हे. घरी आलं की शस्त्र बाहेर काढायचं, कोरड्या कापडानं पुसायचं आणि वेगळं ठेवायचं. अंगाचा घाम हा लोखंडाचा शत्रू आहे, नुसत्या बोटांच्या ठशांवरही गंज धरतो.

ठेवायचं कुठे?

परवान्याचा अर्ज करतानाच शस्त्र आणि काडतुसं सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. बरेच जण ते फॉर्मचा आणखी एक कागद म्हणून सही करून देतात. पण घरात लहान मूल असेल तर सगळ्या यादीत पैसे खर्च करण्याजोगी हीच पहिली गोष्ट आहे. पक्की, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलेली छोटी लोखंडी तिजोरी. नुसती जड तिजोरी पुरत नाही, कारण चोर ती उचलून नेतात आणि मग चोरीला गेलेल्या शस्त्राचा जबाब तुम्हाला द्यावा लागतो. काडतुसं त्याच तिजोरीत न ठेवता वेगळ्या कुलपात ठेवलेली चांगली.

कुलपाचे दोन प्रकार दिसतात. एक चापावर बसणारं, दुसरं तारेचं. रिव्हॉल्व्हरसाठी तारेचं जास्त भरवशाचं. सिलिंडर उघडं ठेवून तार आतून ओवली की सिलिंडर बंदच होत नाही, त्यामुळे ते भरताही येत नाही आणि चालवताही येत नाही. चापावरचं कुलूप भरलेल्या शस्त्रावर बसवायचा प्रयत्न करणं म्हणजे अपघाताला आवतण.

तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवायची. तीच पुडी वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिचा उपयोग संपतो, म्हणून पावसाळ्याआधी बदलायची.

आता साफसफाईचं सामान

इथे खरी गोंधळाची जागा आहे, कारण ऑनलाइन ‘गन क्लीनिंग किट’ शोधलं की समोर येणारी बरीच किट एअरगनची असतात. एअरगनची नळी .१७७, म्हणजे ४.५ मिमीची. .३२ रिव्हॉल्व्हरची नळी साधारण ७.९ मिमीची. एअरगनचा ब्रश तिच्यात घातला तर तो भिंतींना टेकतच नाही, नुसता फिरून बाहेर येतो. फोटोत दोन्ही किट सारखीच दिसतात. म्हणून बोअर लिहिलेला असेल तरच घ्यायचं.

लागतं किती, तर फार नाही. पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला एक गज, .३२ चा कांस्याच्या तारांचा एक ब्रश, कापड पकडणारं एक टोक, जळलेली दारू सोडवणारं सॉल्व्हंट, शस्त्रासाठीचं पातळ तेल आणि एक जुना टूथब्रश. पुसायच्या कापडाच्या तुकड्यांवर पैसे घालवायची गरज नाही. जुनी सुती बनियन धुऊन तिचे इंचभर चौकोन कापले की वर्षभराचं काम होतं. सातारा-कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांना यात नवीन काही वाटणार नाही. ‘पुल-थ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द त्यांच्या तोंडात पलटणीपासून बसलेले असतात.

स्टीलचा उघडा गज आणि स्टीलच्या तारांचा ब्रश मात्र टाळायचा. नळीच्या आत ज्या पीळदार खाचा असतात त्यांनीच गोळी सरळ जाते आणि त्यांना ओरखडे पडले की काही करता येत नाही. यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे नळीचं तोंड. ‘प्रबल’सारख्या बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागे सांगाडा आडवा येतो, त्यामुळे गज तोंडाकडूनच घालावा लागतो. तो तिरपा घासला गेला तर कड झिजते आणि नेम बिघडतो. अशा शस्त्रासाठी मागून घालून पुढून ओढून घ्यायची दोरी, म्हणजेच पुल-थ्रू, जास्त सोयीची. गजच वापरायचा तर तोंडावर बसणारं छोटं गाइड घ्यावं.

तेलाबद्दल आपल्याकडे बरेच घरगुती प्रयोग चालतात. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि कालांतरानं चिकट होतं, त्याला धूळ चिकटते. रॉकेलनं घाण निघते, पण ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. गंज सोडवायचे स्प्रे कडी-कोयंड्याला ठीक, शस्त्राला महिनोन्‌महिने जपायला नाहीत. काहीच मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल या सगळ्यांपेक्षा बरं.

साफ करायची पद्धत

शस्त्र साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यातल्या बहुतेकांमागे एकच गोष्ट असते, ‘रिकामं आहे’ असं समजून चालणं. रिव्हॉल्व्हर याबाबत पिस्तुलापेक्षा सोपं आहे, कारण सिलिंडर उघडलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. काडतुसं बाहेर काढायची आणि मोजायची. भरली होती तितकी निघाली का? मग प्रत्येक घर बघायचं, बोटानंही चाचपायचं. काढलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं आणि मगच बसायचं. मध्येच फोन आला, कुणी आलं आणि उठावं लागलं, तर परत बसताना ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बसायचं ते खिडकीजवळ, स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर नाही. काडतुसाच्या प्रायमरमध्ये आणि गोळीत शिसं असतं आणि काळ्या राखेत ते उतरतं. काम होईपर्यंत खायचं-प्यायचं नाही, नंतर साबणानं हात धुवायचे. जवळ लहान मूल असेल तर हे आणखी कडक पाळायचं.

नळीतून सॉल्व्हंटचं ओलं कापड फिरवून पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग ब्रश पूर्ण आरपार न्यायचा, अर्ध्यात उलटा फिरवायचा नाही, त्यानं तारा मोडतात. त्यानंतर कोरडी कापडं, जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. सिलिंडरच्या प्रत्येक घरालाही हेच. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर काळी वर्तुळं राहतात, ती पूर्ण घालवायच्या नादात चाकूनं खरवडणारे महाभाग असतात. ती राहिली तरी शस्त्राचं काही बिघडत नाही, खरवडलं तर बिघडतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रिकामी केसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीसारख्या भागाकडे. न जळलेल्या दारूचे एक-दोन कण या चांदणीखाली अडकले की ती पूर्ण बसत नाही, काडतुसं किंचित मागे राहतात आणि सिलिंडर फिरायलाच नकार देतं. ‘रिव्हॉल्व्हर जाम झालं’ अशी तक्रार घेऊन लोक कारागिराकडे जातात, तेव्हा अनेकदा दुखणं एवढंच निघतं. टूथब्रशनं तिच्या खालची बाजू झाडायची, तिथे तेल सोडायचं नाही, कारण तेलाला कण चिकटतात. बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमधून केसं काढताना नळी आकाशाकडे ठेवली तर कण खालीच पडून जातात.

तेल किती? सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतं तिथे एक थेंब आणि बाहेरून पुसट हात. बस्स. घरांमध्ये तेल राहिलं तर ते काडतुसाच्या प्रायमरपर्यंत झिरपू शकतं आणि ऐन वेळी घोडा पडतो पण बार होत नाही. म्हणून भरण्याआधी प्रत्येक घरातून कोरडं कापड फिरवायचं.

आणि सिनेमातल्यासारखं मनगटाला झटका देऊन सिलिंडर ‘खट्ट’ बंद करायचं नाही. ज्या दांड्यावर सिलिंडर तोललेलं असतं तो त्या झटक्यानं हळूहळू वाकतो आणि घरं नळीच्या सरळ रेषेत येईनाशी होतात. दोन्ही हातांनी, हळू.

रेंजवर जाताना

शस्त्र घेतलं आणि एकदाही चालवलं नाही, असे परवानाधारक भरपूर आहेत. काडतुसं महाग पडतात, परवान्यावर वर्षाला किती घ्यायची याची मर्यादा लिहिलेली असते, हे खरं. पण सरावाशिवाय ते शस्त्र मालकालाच जास्त धोक्याचं ठरतं. रेंजवर कानाचे मफ आणि डोळ्यांना चष्मा नसेल तर उभं राहू नये. हँडगनच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकाच बारानं कानाला कायमची इजा होऊ शकते. चष्मा यासाठी की रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. याच कारणानं पुढच्या हाताचं बोट त्या फटीजवळ कधीच न्यायचं नाही.

घरच्या सरावासाठी खोटी काडतुसं मिळतात. त्यानं पिनेवर ताण येत नाही. रंगानं ती खऱ्यापेक्षा ठळक वेगळी असलेलीच घ्यावीत आणि सराव करताना खरी काडतुसं त्या खोलीत नसावीत.

बाकी लेझर, सोनेरी ट्रिगर, नक्षीच्या ग्रिपा, झटपट भरायची साधनं हे सगळं पहिल्या वर्षी विसरलं तरी चालेल. यात अपवाद एकच, रबराची ग्रिप. ‘निर्भीक’सारखं ५०० ग्रॅमचं हलकं शस्त्र हाताला झटका जास्त देतं. लहान हाताच्या माणसाला चांगल्या ग्रिपनं खरोखर फरक पडतो.

पोलीस ठाण्यात जमा करताना

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका लागल्या की आचारसंहितेच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करायची नोटीस येते. कुणाचं जमा करून घ्यायचं हे छाननी समिती ठरवते. आणि एकदा जमा झालं की ते निकाल लागेपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतं. तिथे सिलिका जेल बदलायला कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे जमा करायच्या आदल्या दिवशी शस्त्र नीट साफ करून बाहेरून आणि नळीतून तेलाचा हात द्यायचा, तेलकट कापडात किंवा कोरड्या कापडी पिशवीत गुंडाळायचं आणि चामड्याचा होल्स्टर घरीच ठेवायचा. पावतीवर शस्त्राचा नंबर, बोअर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का, हे ठाण्याच्या पायऱ्या उतरायच्या आत बघायचं. परत मिळालं की भरायच्या आधी नळीतलं ते तेल पुसून काढायचं. नळीत तेलाचा जाड थर किंवा विसरलेली चिंदी राहिली आणि बार काढला, तर नळी फुटू शकते.